एका माइकची खोली

लहानूनं शेवटची गोधडी खिडकीवर ठोकली तशी खोलीत भरदुपारी अंधारून आलं. जबलपूरजवळच्या रांझीतल्या त्याच्या घराची ही मागची खोली म्हणजे गव्हाची कोठी, ट्रंका आणि बंद पडलेला कूलर ठेवायची जागा. आता ते सगळं अंगणात निघालं होतं. तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीच्या पॅकिंग खात्यात लहानूची सारी नोकरी खोकी ठोकण्यात गेली, त्यामुळे फळ्यांच्या चौकटी करणं त्याला अवघड नव्हतं. चौकटींवर गोधड्या ताणून त्यानं चारी भिंती झाकून टाकल्या होत्या. गोधड्या त्याच्या बायकोनं, पार्वताबाईनंच शिवलेल्या, तिच्या जुन्या पांढऱ्या लुगड्यांच्या. स्टेजवर गायला ती पांढरंच नेसायची.

"बाबा, टाळी वाजवा," प्रतिमा म्हणाली.

लहानूनं टाळी वाजवली. आवाज पिठाच्या डब्यात पडावा तसा जागच्या जागी मेला.

"एकदम बढिया. स्टुडिओत असंच असते."

लेकीनं शाबासकी दिली म्हणून लहानूला बरं वाटलं. प्रतिमा शाळेत शिकवायची. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका पोरानं ऑर्केस्ट्रा बंद केला होता, त्याच्याकडून तिनं जुना माइक आणला. माइकची तार कॉम्प्युटरला जोडायचा लहान डबा शाळेतल्या संगीताच्या सरांकडून मागून आणला. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. तोंडातली हवा माइकवर फटकन बसू नये म्हणून भरतकामाच्या रिंगेत जुन्या ओढणीची जाळी बसवून ती माइकपुढं बांधली. पैशाचं बळ नव्हतं, तिथं हाताचं लावलं.

घाई कशाची होती ते घरात कोणी बोलत नव्हतं. पार्वताबाईच्या गळ्यात, आवाजाच्या जागीच, गाठ निघाली होती. सोमवारी सकाळी भरती आणि मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला होता, "आवाज़ रहेगी या नहीं, मैं वादा नहीं कर सकता." तोवर गळ्याला ताण नको, फार तर एखादं गाणं, तेही सांभाळून.

त्या एखाद्या गाण्यासाठीच ही खोली होती. साक्षरता वर्गात वयाच्या चाळिशीत पाटी हातात घेतली, तेव्हा पार्वताबाईनं ते स्वतः रचलं होतं. जबलपूरपासून पार बालाघाटपर्यंत तिचं मंडळ ते गात हिंडलं. पण ते कुठंही नीट उतरलेलं नव्हतं. कुणाकुणाच्या मोबाइलात तुकडे होते, त्यात भोंग्याची किंचाळी आणि पोरांचा गोंगाटच जास्त.

दूर रेंजवर तोफगोळ्याची चाचणी झाली, धप्प. भिंतीवरच्या चौकटी हलल्या.

"आज शनिवार. अजून दोन-चार धमाके होतील," लहानू म्हणाला. "उद्या सुट्टी."

"एकदा ट्राय तर करू," प्रतिमा म्हणाली.

पार्वताबाई आत आली. खुर्चीवर न बसता उभीच राहिली. प्रतिमानं तिच्या कानावर हेडफोन चढवला आणि बोटानं खूण केली.

*उजेड आला दारी गं, उजेड आला दारी*
*पाटीवरचं पहिलं अक्षर सूर्यावानी भारी*

लहानू दाराशी उभा होता. हा आवाज त्यानं मैदानात ऐकला होता, तेव्हा तो लांबच्या झाडावर आपटून परत यायचा. इथं तो बाहेर पडत होता आणि गोधडीत बुडत होता. पार्वताबाईला वाटलं आवाज कमी पडतो आहे. तिनं जोर लावला. मग आणखी लावला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. कडव्याच्या तोंडाशी तिला खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीला धरून वाकली.

प्रतिमानं हेडफोन काढून घेतला. लहानूनं कोमट पाणी आणलं.

"काहून जोर लावून राहिली तू?" तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाला?"

"मले माझाच आवाज येत नाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अन् श्वास कुठं घेऊ? एकटीनं कधी गायली मी?"

ते खरं होतं. त्यांच्या मंडळाची रीत अशी की मुख्य गाणारानं ओळ टाकायची आणि मागच्यानं ती उचलून घोळवायची. त्याला झील धरणं म्हणतात. झील चालू असते तेवढ्यात गाणारा श्वास भरून घेतो, पुढची ओळ जुळवतो. सगळी उमर पार्वताबाई अशीच गात आली होती. खोली करताना ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

"मी धरते ना झील," प्रतिमा म्हणाली. "आधी माझी रेकॉर्ड करते, मग तुझ्या कानात लावते."

तसं करून पाहिलं. प्रतिमाचा आवाज गोड होता, ताल पक्का होता. पण कानातली झील घड्याळासारखी ठरल्या ठिकाणी यायची आणि ठरल्या ठिकाणी थांबायची. पार्वताबाईचा श्वास पुरा व्हायच्या आत ओळ अंगावर यायची. दोन ओळींतच तिनं हात वर केला.

"तू मोजून राहिली, बाई. झील मोजून नसते. तो माझ्या पाठीकडं पाहून..." ती मध्येच थांबली आणि पाणी प्यायली.

तो म्हणजे कोण, हे लहानूला विचारायची गरज नव्हती. पूर्वी मंडळात झील धरणाऱ्या अंबादासचं नाव या घरात बारा वर्षांत निघालं नव्हतं.

संध्याकाळी भाजी आणतो म्हणून लहानू बाहेर पडला आणि मोटरसायकल घमापूर मोहल्ल्याकडं वळवली. अंबादासचं शिलाईचं दुकान तिथंच गल्लीत होतं. लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट तो शिवायचा. लाल कोटाच्या ढिगाऱ्यात बसून सोनेरी झालर लावत होता. त्यानं मान वर केली, पाहिलं आणि परत सुईकडं पाहिलं.

"जय भीम," लहानू म्हणाला.

"जय भीम. कोट शिवाचा आहे?"

"या वयात बँडात कोण घेते मले?"

"घेतात. तुतारी फुंकता नाई आली तरी चालते, कोट बसला पाहिजे."

लहानू हसला नाही. स्टुलावर बसून त्यानं सगळं सांगितलं. गाठ, मंगळवार, खोली, गोधड्या. अंबादासची सुई चालूच होती. गाठीचं ऐकलं तेव्हा ती क्षणभर थांबली.

"माइक किती आहेत?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मग झालं तर. एका माइकवर आमचं काय झालं ते साऱ्या घमापुरानं पाहिलं."

ते लहानूनंही पाहिलं होतं. जयंतीचा कार्यक्रम, समोर तुडुंब माणसं. याच गाण्याच्या शेवटच्या कडव्याआधी पार्वताबाई दमानं श्वास घेत होती. तिचा सूर गेला असं वाटून म्हणा की आपल्याला एकदा संधी मिळावी म्हणून म्हणा, अंबादास पुढं झाला आणि ते कडवं त्यानं स्वतःच माइकवर गाऊन टाकलं. पार्वताबाईनं माइक परत घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "झील धरणाऱ्यानं झीलच धरावी." लोक खदखदून हसले. अंबादास झांज तिथंच ठेवून स्टेज उतरला, तो पुन्हा चढला नाही.

"ती बोलली ते वाईटच बोलली," लहानू म्हणाला.

"तिनं पाठवलं तुले?"

खोटं बोलावं असं लहानूच्या ओठावर आलं होतं. "नाई. तिला माहीत नाई."

"अच्छा." अंबादासनं दोरा दातानं तोडला. "चल, मले उद्याच्या वरातीचे कोट द्याचे आहेत."

घरी येऊन लहानूनं तोंड उघडलं नाही. भाजी आणायची राहिली होती, तेही कोणी विचारलं नाही.

रविवारी रेंज गप्प होती. पण शेजारच्या गल्लीत मांडव पडला होता आणि डीजेवाला दुपारी येणार होता. जे काय करायचं ते सकाळीच. प्रतिमानं फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, दारावरची घंटी काढून ठेवली. पार्वताबाईचा आवाज रात्रीतून आणखी बसला होता. बोलताना शब्दाचं टोक हरवत होतं. आज तरी होतं का, की कालच शेवटचं होऊन गेलं, हाच विचार लहानूच्या डोक्यात घण घालत होता.

"एकटीनंच गाते," ती म्हणाली. "होईल तसं होईल."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. अंबादास दारात उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात झांज. बारा वर्षांत दाढी पिकली होती.

"जय भीम, वहिनी."

पार्वताबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, "जय भीम. चहा घ्या."

"चहा नंतर."

एवढंच. माफी कोणी मागितली नाही आणि मागची आठवणही कोणी काढली नाही.

प्रतिमानं आपला बेत समजावला. "काका, आधी आई गाईल. मग तुमची झील वेगळी घेऊ. मी नंतर जोडून देईन."

"नाई जमणार, बेटा. तिच्या पाठीमागं उभा राहीन तरच झील येते. वेगळी काय, तिकडं दुकानात बसून गाऊ का?"

"एकाच माइकवर दोघं म्हणजे नंतर काही सुधारता येत नाही, काका. एक चुकलं की दोघांचं गेलं."

"स्टेजवर कुठं सुधारता येत होतं?" पार्वताबाई म्हणाली. मग भिंतीकडं बोट दाखवून नवऱ्याला म्हणाली, "अन् या काढा. मी गोधडीत तोंड खुपसून गाणार नाई."

लहानूला ते लागलं. दोन दिवस खपून ठोकलेलं होतं. पण त्यानं कटावणी घेतली आणि समोरच्या भिंतीवरच्या चौकटी उतरवल्या, खिडकीवरची तेवढी ठेवली. आता टाळी वाजवली तर ती थोडी फिरून येत होती. पार्वताबाईनं हळूच एक हुंकार देऊन पाहिला आणि मान हलवली. हेडफोन तिनं लावलाच नाही.

अंबादास जुन्या सवयीनं तिच्या मागं, डाव्या हाताला उभा राहिला.

"काका, तिथून आवाज बारीक येतो. जवळ या ना."

अंबादास हलला नाही. माइककडं त्याची नजर गेली आणि तशीच वळली. हा माणूस आता निघून जाईल, असं लहानूला वाटलं.

पार्वताबाई बाजूला सरकली आणि माइकपुढं अर्धी जागा मोकळी झाली. "या," ती म्हणाली. "आवाज जपून वापराचा आहे मले. दोनदा म्हणायला लावू नका."

अंबादास पुढं आला. दोन पिकली डोकी एका माइकपुढं इतकी जवळ आली की एकाचा श्वास दुसऱ्याला लागावा. प्रतिमानं बटण दाबलं.

ओळ पडली. अंबादासनं ती उचलली, आणि पार्वताबाईचे खांदे खाली आले. कालपासून ते कानापर्यंत चढलेले होते. आज ती जोर लावत नव्हती. आवाज जाड झाला होता, कडेला फाटला होता, पण सूर आपल्या जागेवर होता.

*हात माझा धरून लेकीनं 'अ' गिरवला*
*चुलीपुढं बसून मीही जन्म फिरवला*

झील आली. अंबादास माइककडं पाहतच नव्हता. तो तिच्या मानेकडं पाहत होता. मान हलली की तो थांबत होता, तिचा श्वास भरला की ओळ सोडत होता. लहानू दाराला टेकून एकेक ओळ पुढं ढकलत असल्यासारखा उभा होता. अजून एक कडवं. अजून एक.

शेवटच्या कडव्याला पार्वताबाईनं तोंड उघडलं.

*अंगठ्याची शाई पुसली...*

पुढं काही आलंच नाही. नुसती हवा. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा हवाच आली. तिचा हात गळ्याकडं गेला, डोळे मोठे झाले.

अंबादासला ते कडवं येत होतं. त्याच्या तोंडापुढं माइक होता. लहानूला साऱ्या घमापुराचं हसू कानात ऐकू आलं.

अंबादासनं झील धरली. *उजेड आला दारी गं, उजेड आला दारी.* ती संपली तशी त्यानं पुन्हा धरली. आवाज जरा उतरवला आणि पुन्हा धरली. झांज हलकी केली. प्रतिमाचा हात थांबवायच्या बटणाकडं सरकला. लहानूनं दोन पावलांत जाऊन तिचं मनगट पकडलं. अंबादास घोळवतच होता. त्याच्या कपाळावरून घाम सदऱ्यावर उतरत होता. म्हातारा माणूस, त्याचाही दम फुलत होता, पण झील तुटत नव्हती. पार्वताबाई डोळे मिटून उभी होती, आवंढे गिळत, नाकानं सावकाश श्वास भरत.

मग तिची मान किंचित हलली. अंबादास त्याच क्षणी गप्प झाला.

*अंगठ्याची शाई पुसली, सही मी केली*
*माझ्या नावानं मीच मला हाक दिली*

'हाक'वर आवाज चिरला आणि 'दिली' जेमतेम निघालं. पण निघालं. अंबादासनं शेवटची झील तिच्यावर पांघरूण घालावं तशी घातली आणि झांज दाबून धरली.

प्रतिमानं बटण दाबलं, हेडफोन काढला, ओढणीनं डोळे पुसले. लहानूनं कोमट पाणी पुढं केलं.

गाणं लावून ऐकलं. तो मधला भाग आला तसं प्रतिमानं लॅपटॉपवर बोट ठेवलं. "इथं झील खूप लांबली आहे. हे मला कापता येईल. जोड कळणारसुद्धा नाही."

पार्वताबाईनं बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं जोरात मान हलवली आणि लेकीचा हात लॅपटॉपवरून बाजूला केला.

"काप ना," अंबादास म्हणाला. तो चहा बशीत ओतत होता. "काहून नाही म्हणता, वहिनी? झील धरणाऱ्यानं झीलच धरली. त्यात ऐकण्यासारखं काय आहे?"

पार्वताबाई त्याच्याकडं पाहून हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, पण हसण्याचा आवाज आला नाही.

शेजारच्या गल्लीत डीजेवाल्यानं माइक तपासायला सुरुवात केली. लहानू उठला आणि खिडकीवरची गोधडी उतरवू लागला.