मी दानपात्र नाही

मी लघवीचं भांडं बोलतोय. घ्या, धरलंत ना नाक? पण किळस काही तुम्हालाच येते असं नाही. मलाही येते, जरा जास्तच येते, कारण मी माणसांना फार जवळून पाहिलंय.

मी पितळेचा, झाकणासकट घडवलेला. यांगसूनच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिलं आणि नवरीबरोबर डोलीतच ठेवलं. वाट लांबची, मध्ये उतरायची सोय नाही. वर माझ्या पोटात सरकी भरली, का तर डोलीवाल्यांना आवाज ऐकू जाऊ नये. म्हणजे कामाला या, पण आवाज काढू नका. शी!

सासरी सगळं घर रात्री माझ्यावर बसायचं आणि सकाळी मला पाहून तोंड वाकडं करायचं. एकटी यांगसून मला ओढ्यावर राखेने घासताना येशूची गाणी म्हणायची. नवरा वारला. मुलाला जपान्यांनी खाणीत कामाला नेलं. घरात शिजवायला जवसुद्धा धड नाहीत आणि ही बाई गातेय! मला तिच्या त्या आनंदाचाही वीट यायचा.

मग लढाईसाठी पितळ गोळा करायला जपानी सरकारची माणसं आली. वाट्या नेल्या, चमचे नेले, चर्चची घंटासुद्धा उतरवली. एकाने माझं झाकण उचललं. यांगसूनने मला मुद्दाम रिकामं केलेलं नव्हतं. तो रुमाल नाकाला लावून जो पळाला, तो अंगणाबाहेरच थांबला. माझा जीव असा वाचला. आहे का काही अभिमान बाळगण्यासारखं?

घंटा गेली आणि पंचाईत झाली ती गोप्तान आजीची. दोन्ही मुलगे गेलेली, डोळ्यांनी आंधळी म्हातारी. रोज पहाटे घंटेच्या आवाजावर बांधावरून एकटी प्रार्थनेला यायची. कुणी हात धरला की झिडकारायची, "सोड! त्याच्या दाराशी मी माझ्या पायांनी जाणार."

घंटेविना ती अंदाजाने निघाली आणि शेतातल्या मैल्याच्या खड्ड्यात पडली. छातीपर्यंत! लोकांनी ओढून काढली. त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं आणि जेवण टाकलं. यांगसून पेज घेऊन गेली तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घंटा नाही म्हणजे बोलावणं नाही. ने ती पेज."

यांगसून घरी आली आणि मला अशी घासायला बसली की माझं कातडं सोलतेय असं वाटलं. पहाटे तिने मला चर्चच्या अंगणात नेलं, मुठीवर उपडं धरलं आणि कपडे कुटायचा दांडका उचलला.

चर्चचे पंच होंग धावतच आले. "अगं बाई, देवाच्या दारात हे... हे काय आणलंस?"

"पंचसाहेब, देव गोठ्यात जन्मला. तिथे काय अत्तर शिंपडलं होतं?"

तिने दांडका हाणला. मी वाजलो! स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती हाणत राहिली, हात भरून आले तरी हाणत राहिली. शेवटी बांधावर काठीची टकटक ऐकू आली.

"ही कुठली गं घंटा?" आजीने विचारलं. "गोड वाजते."

यांगसूनने तिच्या कानात सांगितलं. म्हातारी हसत हसत खालीच बसली. "म्हणजे मी त्या खड्ड्यात पडले, तेव्हा बरोबर वाटेवरच होते की!"

सगळं अंगण हसलं. नाक धरून का होईना, होंग पंचही हसले. त्या पहाटे मला कुणाचीच किळस आली नाही.

लढाई संपली. यांगसूनचा मुलगा परतला नाही. ती दिवसभर रडली आणि दुसऱ्या पहाटे मला घेऊन अंगणात आली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती गात होती. तेव्हा मला तिच्या गाण्याचा वीट आला नाही.

आज त्या दोघीही नाहीत. मी नव्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी लावलीय, 'जुने दानपात्र'. पाहुणे वाकून नमस्कार करतात. शी, शी! मैल्याची एवढी घाण मला कधी वाटली नव्हती. माझी लाज यांगसूनला वाटली नाही, तुम्हाला कसली वाटते?

ती पाटी काढा. खरं लिहा. आणि माझ्यात कोंबलेली ती रेशमी फुलं आधी उपसा. पोटात काही भरलं की मी वाजत नाही.