मास्तर अँड सन

तोंडात खिळे होते म्हणून मी गप्प बसले, नाहीतर पहिल्याच नावाला बोलले असते.

आमचं काम सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं. बसून बसून खड्डा पडलेली बैठक उघडायची, आतल्या स्प्रिंगा नव्याने बांधायच्या, काथ्या भरायचा, वरून कापड चढवायचं, खालून साधं कापड मारून बंद करायचं. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा आणि हातोडी चालवायची. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बाबांना सगळे मास्तर म्हणतात. आठ वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून सगळं काम मी करते. पण गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जातात ते बाबा, "दोन दिवसांत करून देतो" म्हणतात ते बाबा, आणि काम बघून कोणी वा वा केली की मान डोलावतात तेही बाबाच. मी मागच्या खोलीत अंगाला चिकटलेला काथ्या झटकत असते.

या कामात एक रीत आहे. बैठक बंद करायच्या आधी कारागिराने आतल्या लाकडावर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहायची. पुढे कधी कोणी ती खुर्ची उघडली तर त्याला कळावं, हे कोणाच्या हातचं. आठ वर्षं मीही लिहितेय आणि दर वेळी "मास्तर" असंच लिहितेय. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच शहाणी!

तर त्या रविवारी दुपारी धाकटा भाऊ आणि भावजय लॅपटॉप घेऊन आले. भावाने रस्त्यावर एक गाळा बघितला होता. मागच्या खोलीतलं काम तिथे न्यायचं, पाटी लावायची, रीतसर धंदा करायचा. आत्तापर्यंत त्याने फोन विकले, पडदे विकले, पाण्याच्या टाक्या विकल्या, आणि कुठेच वर्षभर टिकला नाही. हातोडी कुठल्या बाजूने धरतात ते त्याला आजही विचारावं लागेल. पण गाळा चांगला होता आणि मलाही उजेडात बसून काम करायचं होतं, म्हणून मी हो म्हटलं. नव्या गाळ्यात दर्शनी ठेवायला बाबांची जुनी खुर्ची मी सोलून काढली होती. तळाच्या पट्ट्या नव्या मारल्या होत्या, त्यांवर स्प्रिंगा शिवून झाल्या होत्या, बांधायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"ताई, पाच शब्द सांगा ना," भावजय म्हणाली. "ही साइट शब्द घेते आणि नावं बनवून देते. फुकट."

मी खिळे तळहातावर काढले आणि सांगितले. स्प्रिंग, काथ्या, दोरी, कापड, बैठक. मी खिळे परत ओठांत धरले, तिने बटण दाबलं आणि नावं पडायला लागली. सोफोरा. सिटोपिया. कुशनेस्ट. काथ्याफाय! मला हसू आवरेना, खिळे परत काढावे लागले. बाबाही हसले. दुसऱ्या साइटवर दोनशे नावं आली, तिसरीने रंगसुद्धा सुचवला.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं. "अरे, आपण खुर्च्या दुरुस्त करतो, अत्तर नाही विकत."

तेवढ्यात भावाने "घराण्याची परंपरा" असा काहीतरी चौकोन निवडला, त्यात बाबांचं नाव टाकलं आणि परत बटण दाबलं. सगळ्यात वर आलं, मास्तर अँड सन.

"हेच!" भाऊ खुर्चीवरून उठलाच. "बाबा, बघा तरी!"

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "छान वाटतंय रे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सन कोण?" मी विचारलं.

"अगं ताई, नाव असतं ते. नुसतं नाव."

"नुसतंच आहे ना? मग माझं टाक."

"तसं बरं दिसत नाही गं. लोकांना विश्वास वाटायला हवा. आणि उद्या तू लग्न करून गेलीस तर पाटी बदलत बसायची का?"

"एक्केचाळीस वर्षांची आहे मी! आणि गेलेच तर पाटीचं राहू दे, स्प्रिंगा कोण बांधणार, ही साइट?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते. मूग गिळून बसलेला माणूस बघायचा असेल तर तेव्हा बघायला हवा होता. भावाचा मला राग आला, पण तो तर लहानपणापासून आयत्या बिळावर नागोबा आहे. बाबांचा राग काही वेगळाच होता. तो छातीत दुखत होता.

भावजय मध्येच म्हणाली, "नाव मोकळं आहे बरं का! पण लवकर घ्या म्हणतंय. फक्त 'आमची गोष्ट' भरायची राहिलीय. काम कसं करता ते थोडक्यात लिहा, म्हणतंय."

भावाने बोटं मोडली, कीबोर्डवर ठेवली आणि तिथेच अडकला. मग मान वळवून मलाच विचारतो, "ताई, आधी काय करतात गं?"

लाज नावाची गोष्ट असते की नाही? मी शांतपणे म्हटलं, "लिही. स्प्रिंगा लाकडाला डिंकाने चिकटवतात."

त्याने लिहिलं.

"मग काथ्या मिठाच्या पाण्यात उकळतात. मऊ होतो."

त्याने तेही लिहिलं. वर विचारलं, "किती वेळ?"

"शिट्टी होईपर्यंत. आणि शेवटी कापडाला इस्त्री करून खुर्ची तीन दिवस उलटी टांगतात, म्हणजे हवा निघून जाते."

"वा! हे लोकांना आवडेल," म्हणत त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. डिंकापासून टांगण्यापर्यंत, एकेक शब्द, अभिमानाने.

बाबांनी मान वर केली. "हे काय वाचतोयस?"

"आपलं काम, बाबा."

"आपलं?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "गाढवा, स्प्रिंगा डिंकाने चिकटवतात? या घरात वाढलास ना तू? दोरीने बांधतात. आठ बाजूंनी. इकडे ये, दाखवतो."

ते उठले, त्या सोललेल्या खुर्चीपाशी गेले आणि दोरी उचलली. पहिल्या स्प्रिंगेला वेढा घातला. दोरी सुटली. परत घातला. परत सुटली. तिसऱ्यांदा बोटं इतकी थरथरली की स्प्रिंगच टणकन वाजली आणि दोरी जमिनीवर पडली. भावजयीने मान खाली घातली. भाऊ आ वासून बघत राहिला. त्याला माहीतच नव्हतं! आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते इतकं झाकलं होतं की पोटच्या पोराला पत्ता नव्हता.

बाबांनी वाकून दोरी उचलली आणि न बघता माझ्यापुढे धरली. "बांध."

रोज असंच धरायचे. रोज मी निमूट घ्यायचे. त्या दिवशी मी हात पुढे केला नाही.

"आधी लिहा," मी म्हटलं. कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली आणि खुर्ची पाठीवर आडवी पाडली. "खालच्या लाकडावर लिहा, हे काम कोणाचं. मी खूप लिहिलं. आता तुम्ही लिहा. नाहीतर बांधू दे तुमच्या सनला!"

"ताई, अगं त्यांचे हात..." भाऊ म्हणाला.

"गप्प बस तू."

बाबा खाली बसले. दोन्ही हातांनी पेन्सिल धरली. एकेक अक्षर वाकडंतिकडं, ओळ खाली घसरत चाललेली, पण थांबले नाहीत. लिहिलं, "काम मुलीचं. आठ वर्षं सगळं तिचंच." खाली तारीख घातली. पेन्सिल मला परत देताना म्हणाले, "बंद कर आता."

बंद कर! म्हणजे खालून कापड मारलं की ते परत आत. कोणी वाचणार कधी, आणखी वीस वर्षांनी?

मी स्प्रिंगा बांधल्या, काथ्या भरला, वरून चांगलं निळं कापड चढवलं. खालून मात्र एक चिंधी मारली नाही.

आता आम्ही गाळ्यात आहोत. पाटी अजून कोरीच आहे. त्या साइटवरून भावाला रोज मेल येतो, तुमचं नाव अजून मोकळं आहे म्हणून. माझा राग गेला का? मुळीच नाही. बाबांशी बोलते, पण कामापुरतं. रोज सकाळी शटर उघडलं की ती खुर्ची मीच उचलून दारात आणते आणि पाठीवर आडवी निजवते, खालची बाजू रस्त्याकडे.

पहिल्या दिवशी भाऊ धावत आला. "अगं, सरळ ठेव ना! लोक बसणार कुठे?"

"बसायला नाही ठेवलेली," मी म्हटलं. "वाचायला ठेवलीय."