अकरा मिनिटं बाकी होती

मी एक जुनी, गोल, ध्यानाला बसायची उशी आहे, मित्रांनो. माझ्यावर बसून माझ्या मालकाला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगते. चढलेला रक्तदाब उतरणार होता. विमा कचेरीत दावे तपासताना लोकांवर खेकसायची सवय जाणार होती. आणि रोज चाळीस मिनिटं, मध्ये न उठता, सलग शंभर दिवस बसला, तर ध्यानवर्गात नवख्यांना शिकवायचा मान मिळणार होता. पहिल्या दोन गोष्टी तो चारचौघांत सांगायचा. जीव मात्र तिसरीत अडकला होता.

मला भरलं त्याच्या वडिलांनी. बाबांचा जन्म गाद्या भरण्यात गेला. हात थरथरू लागले होते, तरी लेकासाठी त्यांनी कापूस दाबून दाबून भरला आणि बजावलं, "ढिली भरली तर माणूस डुलक्या घेतो. आता यावर झोपलास तर दोष तुझा."

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ध्यानवर्गाच्या बाई बुद्धांची शिकवण साध्या शब्दांत सांगत. राग आला तर त्याच्याशी भांडू नका, नुसतं पाहा; आला तसा जातो. बाहेर आवाज झाला तर 'ऐकू येतंय' एवढी मनात नोंद करा आणि श्वासाकडे परत या. मालकाने ते मनावर घेतलं. दोन महिन्यांत खेकसणं निम्म्यावर आलं, हे मी नाकारणार नाही. पण मोबाइलमधला दिवसांचा आकडा वाढला, तसा त्याचा घरातला रुबाबही वाढला. तो बसला की नळ जोरात सोडायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही, खोकला आला तर गच्चीत जायचं!

त्याची बायको इस्पितळात परिचारिका. सकाळच्या पाळीला निघताना ती म्हणायची, "बसा हो तुम्ही. निर्वाण दाराशी आलं तर थांबवून ठेवा, मी तीनला येते. कचरा मात्र त्याच्या आधी खाली न्या."

बाबा हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचे.

त्र्याण्णवावा दिवस उजाडला. सूनबाई कामावर गेल्या होत्या, बाबा न्हाणीघरात होते. आतून हाक आली, "अरे, जरा येतोस का? पाय सरकतोय."

मालकाचा भार माझ्यावरून दोन बोटं उचलला गेला. शपथेवर सांगते, तो उठत होता. मग त्याने एक डोळा किलकिला करून मोबाइल पाहिला. अकरा मिनिटं बाकी होती. तो पुन्हा टेकला आणि पुटपुटला, "ऐकू येतंय, ऐकू येतंय."

दुसरी हाक लाडक्या नावाने आली. "छोट्या, ये रे." तो श्वासाकडे परत गेला. तिसरी धड हाकच नव्हती, नुसतं "अरे". मग बादली उपडी झाली, आणि बादलीहून जड काहीतरी पडलं.

तेव्हा तो धावला. खोलीत मी एकटी उरले. चाळीस मिनिटं भरली, मोबाइलची घंटा गोड वाजली आणि पडद्यावर उमटलं, 'त्र्याण्णव दिवस पूर्ण. अभिनंदन!' बसणारा जागेवर नव्हता, पण दिवस भरला होता. मला स्वतःच्याच कापसात तोंड लपवावंसं वाटलं. उठणाऱ्या माणसाला पुन्हा मांडीवर घेणारी मीच ना?

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, खाट बैठकीच्या खोलीत आली. सूनबाईंनी विचारलं, "तुम्ही घरातच होतात ना?"

"ऐकूच आलं नाही गं," तो शांतपणे म्हणाला. हा शांत आवाज त्याने माझ्यावर बसून कमावला होता.

"मीच हळू हाक मारली," बाबा खाटेवरून घाईघाईने म्हणाले. "म्हाताऱ्याचा आवाज तो केवढा!"

त्या दिवसापासून मालकाला बाबांच्या डोळ्यांकडे बघवेना. मलाही त्याने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं, जसं काही मी बोलणार होते.

तीन आठवड्यांनी ध्यानवर्गाच्या बाई भेटायला आल्या. "खंड पडला म्हणून मनाला लावून घेऊ नका. शंभर पुन्हा होतील."

"मला ऐकू आलं होतं," मालक एकदम म्हणाला.

गोळ्या मोजणाऱ्या सूनबाईंचा हात थांबला. "किती हाका होत्या?"

"तीन."

"आणि तुम्ही?"

"'ऐकू येतंय' म्हणत बसून होतो."

बाईंची मान खाली गेली. "ते वाक्य मी रस्त्यावरच्या भोंग्यांसाठी दिलं होतं हो. घरच्या माणसाच्या हाकेसाठी नव्हे. पण हे मीही कधी फोडून सांगितलं नाही."

शेवटी बाबाच म्हणाले, "झालं ना बोलून? मग ये इकडे, मला कुशीवर वळव. पाठ धरलीय."

तो पहिल्याच हाकेला उठला. बाबांना वळवताना रडत होता, आणि बाबा म्हणत होते, "हळू रे, गादी नाही ती, बाप आहे."

मित्रांनो, ध्यानाला जरूर बसा. मन शांत झालं तर दुसऱ्याची हाक अधिक लवकर ऐकू यायला हवी. ती आली की डोळे उघडा आणि उठा. उशी कुठे पळून जात नाही.

आता त्या अकरा मिनिटांपायी कोणी काय भरलं, ते सांगते. कोपऱ्यावरच्या बाकावर रोज जाऊन मित्रांची थट्टा करणारे बाबा आता खाटेपासून खिडकीपर्यंत जातात, तेही कठडा धरून. सूनबाईंनी बाबांसाठी सकाळची पाळी सोडली. त्यांच्या हातची वॉर्डप्रमुखाची जागा दुसरीला गेली. मालक अजून भरतोच आहे, रोज, त्या न्हाणीघराच्या दारातून जाताना. आणि माझा मात्र एक टाकासुद्धा उसवला नाही.