बाटलीवरचे एकशे सव्वीस

अक्षरं मी पन्नाशीत शिकलो, अहेरीच्या साक्षरता वर्गात. मग दिसेल ते वाचत सुटलो. एसटीच्या पाट्या, साबणाचे कागद, आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या. तिथे मी परिचर होतो. बाटल्यांवरचे इंग्रजी आकडेही यायला लागले होते.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मेश्राम सर चिठ्ठी ठेवून गडचिरोलीला गेले. 'ऑक्झॅलिक ॲसिड, एक दशांश नॉर्मल, दोन लिटर.' एरवी वजन ते तोंडी सांगत. मी म्हटलं, आता वाचता येतं, विचारायचं कशाला? बाटलीवर रेणुभार छापलेला, एकशे सव्वीस. त्याचा दहावा भाग लिटरला, दोन लिटरला दुप्पट. तोललं, विरघळवलं, माझ्या अक्षरातलं लेबल चिकटवलं आणि दोनदा वाचून पाहिलं.

सकाळी चंद्रपूरहून परीक्षक आले. मुलांनी दहा मिली ॲसिडमध्ये बुरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, कॉस्टिक सोडा सोडायचा, गुलाबी रंग आला की थांबायचं. सरावात रंग नेहमी दहालाच यायचा. पहिल्या टेबलावरच्या प्रफुलनं दहा लिहिले, त्याचं पाहून बाकीच्यांनी.

आफ्रीनची बुरेट दहाच्या पुढे गेली. इब्राहीम सायकलवाल्याची ही पोरगी. मार्क चांगले पडले तर बाप तिला नागपूरला फार्मसीला पाठवणार होता.

"लहानूचाचा, रंगच येऊन नाई राह्यला," ती कुजबुजली. "मीबी दहाच लिहू काय?"

"लिही ना ओ," प्रफुल म्हणाला. "कॉलेज काय आज सोडा संपवाले बसलं?"

ती थेंब थेंब सोडत राहिली. विसाला कण्हेरीच्या कळीसारखा रंग आला. तीनदा केलं, तिन्हीदा वीस. तिनं वीस लिहिले.

परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सगळ्यांचे दहा, तुझे वीस? मार्क कापावे लागतील."

"सर, दिसलं तेच लिहिलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, पोरीचं नाई, माह्यं चुकलं असन. ॲसिड मी तोललं. बाटलीवरच्या एकशे सव्वीसचा दहावा भाग घेतला."

ते हसले. "याआधी काय काम करायचात?"

"कावडीनं पाणी वाह्यचो, साहेब."

"कावडवाला एक, डबे किती?"

"दोन."

"हे ॲसिडही कावडवालंच. एक रेणू सोड्याला हायड्रोजनचे दोन डबे देतो. नॉर्मल म्हटलं की माणसं नाही, डबे मोजायचे. एका डब्यामागे भार निम्मा, त्रेसष्ट."

"म्हंजे मी दुप्पट कावडवाले पाठवले!"

"आणि ते फक्त हिनंच मोजले." त्यांनी आफ्रीनच्या कागदावर पूर्ण मार्क लिहिले. मग वर्गाकडे वळले. "आता दहाला रंग कसा आला, ते मला दाखवा बरं."

प्रफुल टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागला. पेन त्याच्या हातातच होतं. आफ्रीन डोळे पुसता पुसता हसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या टेबलांवर गुलाबी फ्लास्क उभे होते, आणि प्रत्येक कागदावर वीस.

संध्याकाळी इब्राहीमच्या दुकानावर मागच्या चाकात हवा भरायला थांबलो. त्यानं दोन्ही चाकांत भरली.

"समोरचं बरं होतं ना गा," मी म्हटलं.

"पोरगी म्हणते, लहानूभाऊले सगळं डबलच लागते!"