रविवारच्या आठ गोळ्या

माझ्या नवऱ्याला, रॉबर्टला, वाटून खायची खोड आहे. उत्तनच्या किनाऱ्याला बोट लागली की मासळीचे वाटे पडायचे. शेजारच्या मुर्धा गावचा काशीनाथ तीस वर्षं त्याच्या बोटीवर होता, आणि रॉबर्ट गुपचूप आपल्यातली दोन पापलेटं त्याच्या वाट्यात सरकवायचा. मी बोलून बोलून थकले. तंबाखूसुद्धा दोघांनी एकाच पुडीतली खाल्ली.

मागच्या वर्षी रॉबर्टच्या गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, आणि आता कापण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. एक रोजची, आणि रविवारी जेवणानंतर आठ बारीक पिवळ्या गोळ्या एकदम. गाठ जाईलच असं नाही, म्हणाल्या, पण मानेत, फुफ्फुसात पसरू पाहील ती रोखायचा प्रयत्न करू. तोंडात फोड येतील, तेव्हा मला कळवा.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की काशीनाथ जेवायला यायचा. मग दोघं ओट्यावर बसायचे, मी गोळ्या आणि पाणी देऊन भांडी घासायला आत जायची. तीन महिने झाले, रॉबर्टच्या तोंडात एक फोड नाही. मी वेलंकनी मातेला मेणबत्ती लावून आले.

मग एका रविवारी काशीनाथने बोंबलाचं कालवण बाजूला सारलं. तिखट लागतंय म्हणाला. माझ्या हातचं कालवण, आणि काशीनाथला तिखट! मी बॅटरी आणली आणि त्याला तोंड उघडायला लावलं. जिभेवर, ओठांच्या आत फोडच फोड. गालात आत पांढरा चट्टा.

मी रॉबर्टकडे बघितलं. जमिनीकडे बघतच त्याने सगळं सांगितलं.

चट्टा काशीनाथने त्याला दोन महिन्यांपूर्वीच दाखवला होता. वादळात बोट हाकणारा हा माणूस सुईला घाबरून हॉस्पिटलात जात नव्हता. म्हणून रॉबर्टने वाटे पाडले, चार तुला, चार मला. मी त्या दोघांना काय काय बोलले ते फादरसमोर कबूल करायचीसुद्धा लाज वाटते. मग रडायलाच आलं.

रॉबर्ट हळूच म्हणाला, "मी एकटा वाचून काय करू, आयरिन? जाळं एकट्यानं ओढता येतं काय? न्हाय येत."

दुसऱ्या दिवशी दोघांना एका रिक्षात कोंबून हॉस्पिटलात नेलं. रॉबर्टची मान तपासताना बाईंचा हात थांबला. शेंगदाण्याएवढी नवी गाठ होती. अर्ध्या औषधाने आजार अर्धा अडत नाही, त्या शांतपणे म्हणाल्या. आता पूर्ण डोस घेऊन बघू, पण हमी देत नाही. काशीनाथचं रक्त तपासलं, चट्ट्याचा तुकडा काढला. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी सांगितलं, कॅन्सर अगदी सुरुवातीचा आहे, कापून निघेल. या गोळ्यांची त्याला गरजच नव्हती.

त्या रविवारी मी आत गेले नाही, दोघांसमोरच ठाण मांडलं. रॉबर्टच्या तळहातावर आठ गोळ्या होत्या, आणि जुन्या सवयीने त्याच्या अंगठ्याने चार वेगळ्या केल्या. काशीनाथने त्याची मूठ आपल्या हाताने मिटली.

"माजा वाटा पन तूच घे," तो म्हणाला.

काशीनाथचं ऑपरेशन होऊन आता तीन महिने झाले. रॉबर्टची गाठ आहे तेवढीच आहे. पुढचं बाईंनाही ठाऊक नाही, आणि मी विचारत नाही. दर रविवारी काशीनाथ बॅटरी घेऊन येतो आणि रॉबर्टला तोंड उघडायला लावतो. मागच्या रविवारी तो वाकून बघत राहिला, मग त्याने मला हाक मारली. रॉबर्टच्या ओठाच्या आत एक फोड आला होता. म्हणजे आठही गोळ्या आता त्याच्याच पोटात जात होत्या.

मी आधी बाईंना फोन केला. मग वेलंकनी मातेला मेणबत्ती लावून आले.