जहांगीरमिस्त्रींनी बांधलेलं घर

सिद्धेश्वरच्या कालव्यावरून औंढ्याला परतताना जहांगीरमिस्त्रींना रस्त्याच्या मधोमध कासवाचं पिलू दिसलं. लिंबाएवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. मागून ट्रॅक्टर येत होता. मिस्त्रींनी मोटारसायकल आडवी लावली, पिलू उचललं आणि हत्यारांच्या पिशवीत घालून घरी आणलं.

"हे काय आणलं?" त्यांच्या बायकोनं, मदीनाबीनं विचारलं.

"लेकरू हाय. चाकाखाली गेलं असतं."

थंडीचे दिवस होते. शिवाय गेल्या साली मुंगसानं मदीनाबीची कोंबडीची पिलं एकेक करून पळवली होती. तेव्हा अंगणात ठेवायचं मिस्त्रींच्या मनातही आलं नाही. त्यांनी उरलेल्या सागवानी फळ्या काढल्या.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चौकटी, दिवाण, कपाटं केली होती. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून कामं कमी झाली होती. या पेटीत मात्र त्यांनी जीव ओतला. सांधे असे बसवले की खिळा लागला नाही. तळाला चाळलेली माती, लपायला अर्धी करवंटी, पाण्याला बसकं झाकण, उबेसाठी पिवळा बल्ब आणि वर सरकती काच. पेटी खिडकीपाशी ठेवली. दुपारी काचेतून ऊन थेट पिलाच्या पाठीवर पडायचं. शेजारपाजारचे बघायला येत, पेटीवरून हात फिरवत, आणि मिस्त्री पुन्हा काम मिळाल्यासारखे खूश होत.

थंडी सरली तशी मदीनाबी म्हणाली, "अवो, मी अंगणात तांदूळ निवडत बसते तवा याला बाजूला ठेवत जा की. जरा हवा लागंल."

"अन् मुंगूस आलं तर?"

"मी काय आंधळी हाय? बसते ना राखत."

"ऊन येऊन राहिलं की काचेतून. आणखी काय पायजे त्याला?"

ती आणखी दोन-तीनदा बोलली. एकदा मिस्त्री तिच्यावर खेकसले. मग तिनं विषय सोडला.

पावसाच्या तोंडाला पिलू खाईनासं झालं. जास्वंदीचं फूल समोर ठेवलं तरी तोंड लावेना. मागचे पाय ओढत चालू लागलं. मिस्त्रींनी त्याला उचललं तर पाठ बोटाखाली दबली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. ते तसेच मदीनाबीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले.

जाई नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पिलू उलटसुलट करून पाहिलं.

"चाचा, याला उघड्या उन्हात ठेवत होतात का?"

"काचेतून यायचं ना ऊन. रोज."

"काचेतून ऊब येते. पण हाडं घट्ट व्हायला जे ऊन लागतं, ते काच अडवते."

मिस्त्रींनी मदीनाबीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"आणि हे घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मी वनखात्याला फोन करते. ते उद्या सकाळी घेऊन जातील. सापडलं तेव्हाच कळवलं असतं तर..."

त्या दिवशी दुपारी ढग पांगले. मिस्त्री पिलाला घेऊन अंगणात बसले. काही वेळानं पिलानं मान बाहेर काढली. पेटीत कधी काढली नव्हती एवढी लांब काढली आणि डोळे मिटून उन्हात पडून राहिलं. मदीनाबी दारात उभी राहून बघत होती. मुंगूस काही आलं नाही.

सकाळी गाडी आली आणि पिलू गेलं.

मिस्त्रींना राहवेना. काही आठवड्यांनी एसटीनं हिंगोलीला वनखात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी चौकशी केली. पिलू थोडेच दिवस जगलं होतं. तिथल्या माणसानं त्यांना पाणी दिलं, बसा म्हणाला. ते बसले नाहीत.

घरी आल्यावर मदीनाबीनं विचारलं, "कसं हाय?"

"न्हाई राहिलं."

ती आत गेली, चहा करून आणला आणि शेजारी बसली. मी सांगत होते, असं ती म्हणाली नाही. तिनं एकदा तरी म्हणावं म्हणून मिस्त्री कप हातात धरून वाट बघत राहिले.