दोन आखूड, एक लांब

"आला का रे?"

भर दुपारी आतल्या खाटेवरून सासूबाईंनी विचारलं. ते सुनेला नव्हतं. दारातल्या उजेडात ती कुणाच्या तरी शर्टाला काजं करत बसली होती. मघाशी तिला खोकल्याची उबळ आली: दोन आखूड, एक लांब, शेवटी घसा खाकरणं. सुई बोटात रुतली. हा खोकला तिचा नव्हताच. नवऱ्याचा होता, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"आई, मी आहे."

"तू कशी असशील? डोळे गेलेत माझे, कान नाहीत. पाणी पी रे, बाळा."

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. वर्षभर ती जुन्या शिवणीसारखी उसवत चालली होती, पण खोकला म्हणून कधी नव्हता. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले, भूक परतली, आणि मागोमाग हा. वर ताप, मानेवर सुपारीएवढी गाठ. 'आलाच आहेस तर चार बटणं तरी लाव,' असं मनात आलं नि तिला हसू फुटलं. हसता हसता पुन्हा तोच खोकला.

"हसतोय बघ," सासूबाई म्हणाल्या.

तिनं शर्ट बाजूला टाकला. गोळ्यांची बाटली तिनं बटणांच्या डब्यात तळाशी दडपली. दोन दिवस घेतल्या नाहीत. खोकला काही हलला नाही. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली.

"बंद केल्यात? कुणाला विचारून?" सिस्टर कडाडल्या.

"गोळ्या सुरू केल्या आणि तो आला."

"आला नाही, होताच. टीबी आत दबा धरून होता. तुमच्या अंगात भांडायचं बळच नव्हतं, म्हणून सगळं शांत. आता बळ आलंय, भांडण जुंपलंय, त्याचा हा आरडाओरडा. या गोळ्या सोडायच्या नाहीत, टीबीच्या वेगळ्या मिळतील. तोंडाला मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि सासूबाईंनाही तपासायला आणा."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सासूबाई बराच वेळ गोधडीचा काठ चाचपत राहिल्या.

"म्हणजे त्याचंच दुखणं तुझ्यात राहिलं होतं."

"हो."

"औषध घेतलंस की जाईल?"

"जाईल."

"आणि नाही घेतलंस?"

"मग मी जाईन, आई."

दिवेलागण होऊन गेली. मग सासूबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. बटणांच्या डब्याचा आवाज त्यांनी कधीच ओळखला होता. एका हातात बाटली, दुसऱ्यात भरलेला पेला.

"आठ वाजले. घे."

त्या दिवसापासून रोज आठला पेला पुढे यायचा. दीडेक महिन्यात आधी लांब खोकला गेला, मग आखूड दोन्ही. घर इतकं गप्प झालं, की दोऱ्याचा सर्रकन आवाजही ऐकू यायचा. सासूबाई दाराकडे कान लावून बसायच्या. एका संध्याकाळी तिला ते पाहवेना. तिनं सुई खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि खोकली. दोन आखूड, एक लांब. अगदी हुबेहूब.

सासूबाईंनी मान हलवली.

"नको गं. हा तुझा आहे."

आणि पेला पुढे केला. काठोकाठ भरलेला, थेंबही न सांडता.